जांभळी खोली

तानापिहिनिपाजा! शाळेत घोकलेली पावकी-निमकी माणूस विसरतो, सनावळ्या तर परीक्षेच्या दुसऱ्या दिवशीच विसरतो. पण हे सात अक्षरांचे अर्थहीन गाठोडे मराठी माणसाच्या डोक्यातून सहसा सुटत नाही. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा आणि जांभळा. या रांगेत जांभळा शेवटी आहे, आणि मला वाटते, व्यवहारातही आपण त्याला शेवटच्याच पंगतीला बसवले आहे. तांबड्याला कुंकवाचा मान मिळाला, नारिंगीच्या भावकीतला भगवा पताकेवर चढला, पिवळ्याला हळदीचे आणि हिरव्याला चुड्याचे मोठेपण लाभले. निळा साक्षात आभाळाचा. पारव्यालाही निदान एका पाखराचा आधार आहे. जांभळा मात्र ज्येष्ठात फळवालीच्या पाटीत चार आठवडे दिसतो आणि उरलेले वर्ष साड्यांच्या दुकानातल्या घडीत काढतो. घराच्या भिंतीवर त्याला कोणी सहसा चढू देत नाही.

या दिवाळीत आमच्या घरी तो चढला आहे. आणि तोही कुठे एखाद्या कोपऱ्यात नव्हे. दहा बाय अकराच्या एका खोलीच्या चारही भिंतींवर, चांगला गडद. हे वाचून तुम्ही म्हणाल, कॉलेजात जाणाऱ्या मुलीचा हट्ट असणार. नाही. मुलीची खोली पांढरी आहे आणि ती पांढरीच राहावी असा तिचा आग्रह आहे. हा हट्ट माझ्या आईचा. तिला या आषाढात शहात्तरावे लागले.

आईच्या आयुष्यात भिंतींचा रंग ठरवण्याचा प्रश्न कधी तिच्यापर्यंत आलाच नव्हता. लग्न होऊन ती पुण्यात आली ती एका वाड्यातल्या दोन खोल्यांत. तिथे भिंतींना रंग नव्हता, चुना होता. वर्षा-दोन वर्षांनी दिवाळीच्या आधी मालक माणूस धाडायचे. बादलीत चुना भिजायचा, तो अंगाला लागू नये म्हणून त्यात सरस पडायचा, पांढरेपणा उठून दिसावा म्हणून नीळ पडायची, आणि पुचाऱ्याचे दोन हात फिरले की घर नवे झाले. सरस कमी पडला तर पुढे महिनाभर भिंतीला टेकलेल्या प्रत्येकाची पाठ पांढरी दिसायची. पुढे आम्ही स्वतःच्या जागेत आलो. तिथे वडिलांनी सायीसारखा फिकट रंग पसंत केला आणि दर पाच वर्षांनी तोच पुन्हा दिला. “भिंत ही बघायची वस्तू नव्हे, टेकायची आहे,” असे ते म्हणत. रंगाऱ्याने वेगळी छटा सुचवली तर तिच्याकडे ते बिलात वाढवलेल्या रकमेकडे पाहावे तसे पाहत. त्यांना जाऊन आता अकरा वर्षे झाली. तो सायीचा रंग मात्र होता तसाच होता. फक्त जरा आंबला होता.

हे सगळे बदलले ते एका मोतीबिंदूमुळे.

आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते. गेल्या मे महिन्यात उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. डाव्याच्या आतला पडदाच अधू आहे. त्याची शस्त्रक्रिया करून फारसे हाती लागणार नाही, असे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. म्हणजे खऱ्या अर्थाने एकच डोळा परत मिळायचा होता, आणि तो मिळाला. पट्टी निघाल्यावर चार दिवसांनी ती गॅलरीत उभी राहून एकदा हा डोळा झाकत होती, एकदा तो. समोर कठड्यावर कृष्णकमळाचा वेल आहे. त्यावर हंगामातले पहिले फूल आले होते.

“अरे, हे जांभळं आहे!” ती म्हणाली.

“कृष्णकमळ जांभळंच असतं, आई.”

“ते मलाही माहीत आहे. पण या डोळ्यानं बघते तर जांभळं, आणि त्या डोळ्यानं बघते तर चहा सांडल्यासारखं. इतकी वर्षं मला वाटायचं, आपल्या वेलाची जातच मळकट आहे.”

यात वेलाचा दोष नव्हता. डोळ्यातले भिंग वयाबरोबर पिवळट होत जाते, मोतीबिंदू पिकला की तपकिरी होते. आणि पिवळ्या काचेचा स्वभावच असा की ती निळा-जांभळा प्रकाश अडवून धरते. हे इतके हळूहळू घडते की माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. एखाद्या गावातून एक घराणे निघून जावे आणि बाकीच्यांनी ते कधी नव्हतेच असे समजून चालावे, तसा हा रंग आयुष्यातून निघून जातो. क्लोद मोने या थोर फ्रेंच चित्रकाराच्या उजव्या डोळ्यावर १९२३ साली अशीच शस्त्रक्रिया झाली, तेव्हा आता सगळेच फार निळे दिसते म्हणून त्याने तक्रार केली होती. आमच्या आईने तक्रार केली नाही. तिने ज्येष्ठातली जांभळे मागवली, वाटीभर मीठ लावून खाल्ली आणि आरशासमोर उभी राहून जीभ बाहेर काढली. बराच वेळ ती स्वतःची जीभ न्याहाळत होती. मग मला हाक मारून म्हणाली, “माझ्या खोलीला हा रंग द्यायचा.”

घरात अशा वेळी जे होते ते झाले. नागपूरहून दादाचा फोन आला. तो हिशेबी माणूस आहे. “जांभळी खोली? उद्या जागा विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक उंबऱ्यातून परत जाईल,” तो म्हणाला. फोनचा आवाज आईच्या कानांपर्यंत पोचला होता. “त्याला विचार, मी असताना विकणार आहे की गेल्यावर? असताना विकणार असेल तर आत्ताच सांग म्हणावं. आणि गेल्यावर विकणार असेल तर पांढरा दे म्हणावं, मी काही बघायला येत नाही.”

शेजारच्या काकूंनी मधला मार्ग सुचवला. हल्ली एकच भिंत गडद आणि बाकीच्या तीन फिकट अशी पद्धत आहे म्हणे. आईने तो ठरावही फेटाळला. “एकीला शालू आणि तिघींना सुतक? मला नको.”

सौभाग्यवतींचा आक्षेप मात्र विचार करण्याजोगा होता. त्यांचे म्हणणे असे की, गडद भिंत उजेड पिऊन टाकते, आणि शहात्तर वर्षांच्या एका डोळ्याच्या माणसाला अंधारी खोली देणे म्हणजे पाय घसरण्याची तजवीज करणे. यातला पहिला भाग अगदी खरा आहे. पांढरी भिंत तिच्यावर पडलेल्या उजेडाचा बहुतेक भाग खोलीत परत टाकते. गडद जांभळी भिंत त्यातला फार थोडा परत देते. पण दुसऱ्या भागावर मी डॉक्टरांनाच विचारले. ते म्हणाले, खोलीत दिवे पुरेसे असतील तर हरकत नाही. उलट मंद दृष्टीच्या माणसाला गडद आणि फिकट यांतला फरक उपयोगी पडतो. पांढऱ्या भिंतीवरचे पांढरे बटण त्याला सापडत नाही, जांभळ्या भिंतीवरचे लगेच सापडते. हे ऐकल्यावर हिने बेत स्वतःच्या हाती घेतला. छत पांढरे राहील, दाराखिडक्यांच्या चौकटी पांढऱ्या होतील, पलंगाशी एक आणि न्हाणीघराच्या वाटेवर एक असे दोन दिवे वाढतील. सासू-सुनेचे इतके एकमत मी एका लोणच्यापलीकडे कधी पाहिले नव्हते.

राहिला प्रश्न, आपल्या घरांत हा रंग पूर्वी का नव्हता? मास्तरकीची सवय वाईट. मी शोधू लागलो. आवड नव्हती म्हणावे तर आवड होती. लुगड्यांत वांगी होता, अंजिरी होता, आमसुली होता. मराठी बाई रंगांना नावे द्यायची ती स्वयंपाकघरातून आणि परसातून: मोतिया, डाळिंबी, अबोली, गुलबक्षी, शेवाळी, पोपटी. नुसत्या जांभळ्याच्या शेजारी तिच्याजवळ चार शब्द होते. मग भिंतीवरच तो का नाही? याचे उत्तर आवडीत नाही, चुन्यात आहे.

चुना फार जहाल द्रव्य आहे. हळदीत चुन्याची निवळी पडली की तिचे लाल कुंकू होते, हे आपल्या आज्यांना कोणी प्रयोगशाळेत शिकवले नव्हते. जांभळाच्या रसाची गतही तशीच, पण वाईट. आंबटात तो लालसर खुलतो. चुन्यात पडला की त्याचा जांभळेपणा जाऊन निळसर-हिरवट कळा येते, आणि तीही टिकत नाही. चुन्याशी नांदू शकतात ते मातीचे रंग: गेरू, काव, पिवडी. म्हणून आपल्या जुन्या भिंती तांबड्या आहेत, पिवळ्या आहेत. अजिंठ्याच्या चित्रकारांजवळही तांबडी आणि पिवळी माती होती, हिरवी माती होती, काजळी होती, पांढरा होता, पुढे दूरच्या देशातून आलेला लाजवर्दी निळाही होता; पण जांभळा म्हणून स्वतंत्र, स्वस्त, टिकाऊ अशी माती त्यांच्या पायाखाली नव्हती.

जगात जिथे हा रंग होता तिथे तो राजांच्या मुठीत होता. आजच्या लेबाननच्या किनाऱ्यावर टायर नावाचे जुने बंदर आहे. तिथे समुद्रातल्या एका जातीच्या गोगलगाईपासून जांभळा रंग काढीत. तो निळीच्या झाडापासून मिळणाऱ्या आपल्या निळीचा सख्खा भाऊ. रेणू जवळजवळ तोच, फक्त ब्रोमीनचे दोन अणू अधिक. १९०९ साली फ्रीडलेंडर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने त्याची घडण शोधण्यासाठी बारा हजार गोगलगाई घेतल्या, तेव्हा त्याच्या हाती १.४ ग्रॅम रंग आला. चिमूटभर रंगाला एवढे जीव जात असतील तर तो रोमच्या सम्राटानेच ल्यावा, यात नवल नाही. त्याने कोणी भिंत रंगवली असती तर समुद्र ओस पडला असता.

हा रंग सामान्यांच्या दारी आला तो आपल्या हिवतापाच्या निमित्ताने. हिवतापावर औषध म्हणजे क्विनाइन, आणि ते सिंकोनाच्या सालीपासून काढावे लागे. आपल्यासारख्या उष्ण मुलखांवर राज्य करणाऱ्या इंग्रजांना ते मणामणांनी हवे होते. १८५६ साली विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा विद्यार्थी ईस्टरच्या सुट्टीत लंडनच्या आपल्या घरी ते कृत्रिम रीतीने बनवण्याची खटपट करीत बसला होता. क्विनाइन काही झाले नाही. भांड्याच्या तळाशी काळा गाळ उरला. तो मद्यार्काने धुताना जांभळा रंग सुटला. दुसऱ्या कोणी भांडे घासून ठेवले असते. या मुलाने त्यात रेशीम बुडवून पाहिले. १८५८ च्या जानेवारीत व्हिक्टोरिया राणी त्याच जातीच्या फिकट जांभळ्या पोशाखात लेकीच्या लग्नात उभी होती, आणि थोड्याच वर्षांत डांबरापासून बनलेला हा रंग दुकानात काम करणाऱ्या पोरींच्या अंगावर दिसू लागला. सम्राटाची मिरास अशी एका भांड्याच्या तळाने मोडली. भिंतीवर ऊन आणि चुना दोन्ही सोसतील असे जांभळे रंग मात्र त्यानंतर पुष्कळ उशिरा, विसाव्या शतकात हाती आले. तात्पर्य, आईच्या आजीला जांभळी खोली हवी असती तरी ती मिळाली नसती.

हे सगळे मी आईला सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मग आता मिळतो ना? रंगाऱ्याला कधी बोलावतोस?”

पावसाळा संपेपर्यंत थांबणे भाग होते. पश्चिमेच्या भिंतीला ओल होती, आणि गडद रंगाचा एक दुर्गुण असा की तो काही लपवत नाही. फिकट भिंतीवर लोणा फुटला तर तो चार वर्षे खपून जातो. जांभळीवर पहिल्याच पावसाळ्यात पांढरी बुरशी आल्यासारखा दिसतो. तेव्हा आधी बाहेरच्या भेगा बुजवल्या, आतले पोपडे खरवडले, नवा गिलावा केला आणि भिंत वाळू दिली. दसऱ्याला रंगारी आले. वडिलांच्या वेळेपासूनचे आहेत. आई त्यांना नावाने हाक मारते आणि ते तिला वहिनी म्हणतात.

त्यांनी रंगांच्या तुकड्यांचे पुस्तक उघडले. आईने ते खिडकीशी नेऊन उजव्या डोळ्यासमोर धरले. “हे वांगं,” ती म्हणाली. “हे आमसूल. हे भिजवलेलं अंजीर. हे तर काहीच नाही, शाई सांडली आहे.” छापलेली सगळी विलायती नावे अशी पाच मिनिटांत बाद झाली. तिला जांभळाच्या सालीचा रंग नको होता. ती जवळजवळ काळी असते. गरही नको होता. फळ खाऊन झाल्यावर जिभेवर जो उरतो, तो हवा होता. रंगाऱ्यांनी चाळीस वर्षांत हे माप कधी घेतलेले नव्हते. पण माणूस कसबी. त्यांनी भिंतीवर चार छटांचे दोन-दोन फुटांचे चौकोन काढले आणि म्हणाले, “वहिनी, दोन दिवस नुसतं बघा. हा रंग घड्याळावर चालतो.”

आणि तो खरोखरच घड्याळावर चालला. सकाळी चारही चौकोन टवटवीत होते. दुपारी पश्चिमेचे ऊन येताच एक लाल झाला. संध्याकाळी दिवे लावण्यापूर्वी सगळे निळसर काळे पडले. कातरवेळी तांबडा आधी विझतो आणि निळा मागून रेंगाळतो, हे पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच टिपून ठेवले आहे. आमच्या गृहिणींना ते साड्या निवडताना ठाऊक असतेच. पिवळ्या दिव्याखाली दोन चौकोनांचे थेट वांगे झाले, पांढऱ्या दिव्याखाली ते पुन्हा सावरले. एकच चौकोन असा होता की त्याने दिवसभरात कूस बदलली, पण जात सोडली नाही. आईने त्यावर बोट ठेवले.

“वहिनी, एक सांगतो,” रंगारी म्हणाले, “हा रंग पुन्हा पुसायचा म्हटलं तर सोपा नाही. वर पांढरा आणायला तीन-चार हात लागतील.”

“मला नाही पुसायचा.”

“यांच्या वडिलांना चाललं असतं का?” त्यांनी जरा भीत भीतच विचारले.

आई क्षणभर गप्प बसली. मग म्हणाली, “नसतं चाललं. ते असते तर मी विषयही काढला नसता, आणि मला त्याचं दुःखही झालं नसतं. त्यांना तो रंग शोभत होता. पण आता खोलीत मी एकटी आहे. एवढा एक डोळा परत मिळालाय, तो किती दिवसांचा ते देवाला ठाऊक. तो सायीकडे बघण्यात का खर्चू?”

यावर रंगारी काही बोलले नाहीत. त्यांनी घोडा उलगडला आणि पॉलिश पेपर काढला.

गडद रंगाला श्रम फार. ज्या द्रव्यात तो कालवतात त्यात पांढरे जवळजवळ नसते, आणि खालचे झाकण्याचे काम खरे त्या पांढऱ्याचे. म्हणून आधी लांबी भरून घासणे, मग राखाडी अस्तराचा एक हात, मग रंगाचे तीन हात, आणि प्रत्येक दोहोंमध्ये वाळण्याचा अवकाश. पहिल्या हाताला खोली भाजलेल्या वांग्यासारखी डागाळलेली दिसली. सौभाग्यवती दारातून पाहून काही न बोलता स्वयंपाकघरात गेल्या. दुसऱ्या हाताला पुचाऱ्याचे पट्टे दिसत होते. आई हॉलमध्ये गादी टाकून चार दिवस राहिली आणि रोज सकाळी दाराशी उभी राहून, पूर्वी वडील करीत तशी, कामाची तपासणी करीत होती. तिसऱ्या हातानंतर पट्टे मिटले. पांढरे छत वर उचलल्यासारखे झाले, चौकटी नव्या दिसू लागल्या, आणि भिंतींना कडा आहेत हेच कळेना. वडिलांचा फोटो कुठे लावायचा यावर घरात थोडी कुजबुज झाली. आईने तो पूर्वीच्याच खिळ्यावर लावायला सांगितला. फोटो काळा-पांढरा आहे. सायीच्या भिंतीवर तो इतकी वर्षे भिंतीत मुरून गेला होता. आता दारातून पाय आत टाकताच आधी ते दिसतात.

बिल आईने आपल्या पेन्शनीतून दिले. मला हात लावू दिला नाही.

आता सोसायटीतली मंडळी काही ना काही निमित्ताने येऊन खोली पाहून जातात. काहींना ती देवळाच्या गाभाऱ्यासारखी वाटते, काहींना नाटकाच्या रंगमंचासारखी. एका गृहस्थांनी “धाडस आहे!” एवढेच म्हटले आणि चहा न घेता गेले. मुलीच्या मैत्रिणी आजीपाशी अभ्यासाला बसतात. आईला यातले कौतुक वा टीका फारशी ऐकू येत नाही, किंवा ती ऐकत नाही. दुपारी ती आरामखुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवते. “समोर काय दिसतं?” असे मी एकदा विचारले. “भिंत,” ती म्हणाली. “इतके दिवस दिसत नव्हती.”

धनत्रयोदशीला दादा आला. त्याने खोलीच्या दारात उभे राहून कपाळाला हात लावला, जागेच्या किमतीविषयी चार शब्द बोलला, आणि प्रवासाचा शीण होता म्हणून जेवणानंतर आईच्याच पलंगावर आडवा झाला. तो उठला तेव्हा पाच वाजून गेले होते. गेल्या कित्येक वर्षांत दादा दुपारी तीन तास झोपल्याचे कोणी ऐकले नव्हते.

“फार अंधार आहे या खोलीत,” तो डोळे चोळत म्हणाला.

“म्हणून तर झोपलास,” आई म्हणाली.

दादा यावर काही बोलला नाही. चहा घेऊन तो माझ्याबरोबर गॅलरीत आला, जिन्याकडे कोणी नाही असे पाहिले, आणि हळूच विचारले, “रंग किती लिटर लागला रे?”